इंजिनाच्या तोंडावरचे पाच ठिपके

त्या दिवशी आश्विनातलं ऊन सकाळीच चढलं होतं. पहाटे एक सर येऊन गेली खरी, पण तिने गारवा काही आणला नाही, नुसती वाफ उठवली. वारा म्हणाल तर झाडाचं पान हलत नव्हतं. भुसावळात अशा दिवशी पत्र्याच्या खोलीत दार लावून बसतो तो माणूस एकतर वेडा, नाहीतर हट्टी.

प्रल्हाद भंगाळे वेडा नव्हता.

"आज तरी ती कानस खाली ठेवतोस का रे?"

दार ढकलून शेजारचे अवचितबुवा उभे होते. हातात ताम्हन. ताम्हनात ओली हळद, कुंकू, झेंडूची चार फुलं.

"बाहेरूनच बोला, बुवा. पितळेचा कीस पडलाय, पायात जाईल."

"आज खंडेनवमी."

"ठाऊक आहे."

"गल्लीतल्या सगळ्या हत्यारांना हळद लागली. शिंप्याची कात्री झाली, न्हाव्याचा वस्तरा झाला. मला तोंडात दात नाहीत, पण माझा अडकित्तासुद्धा पूजेला बसलाय. तुझी कानस तेवढी ओरडतेय."

"माझं काम हीच माझी पूजा."

"असं होय?... मग चालू दे."

आणि बुवा उंबऱ्यावर बसले.

ह्या बुवांचा मठ म्हणजे एक खोली. लांबून लांबून माणसं काहीबाही विचारायला यायची. बुवा फार बोलायचे नाहीत. निम्मी माणसं कुरकुरत परत जायची, आणि त्यांतली बरीच पुन्हा यायची. प्रल्हाद मात्र भिंतीला भिंत लागून राहत असूनही कधी काही विचारायला गेला नव्हता. विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्याच्यापुढे टेबलावर इंजिन होतं. हातभर लांब, काळंकुळकुळीत.

लढाईच्या दिवसांत असली खरी इंजिनं परमुलखातून बोटीने आली. सुटी सुटी आली, इथे जोडली. वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून दिव्याला टोपी घातली आणि इंजिनं लावली डब्यांना. त्यातल्याच एकावर प्रल्हादचा बाप कोळसा टाकायचा. फायरमन होता. प्रल्हाद रांगत होता तेव्हाच गेला.

बापाचा फोटो घरात नव्हता. फोटो होता तो इंजिनाचा, आणि त्यात माणूस एकही नाही.

आईने तो देवांच्या शेजारी ठेवला होता. पोर विचारायचं, बाबा कसे होते गं? आई फोटोवर बोट ठेवायची. "इथे असायचे बघ." मग ते पोर इंजिनाच्या खिडकीत डोळे फाडून बघत राहायचं. खिडकीत काळोख असायचा.

आई गेली. फोटो राहिला. प्रल्हाद नोकरीतून मोकळा झाला तेव्हा त्याने ठरवलं, हे इंजिन करायचं. असं करायचं की बाप कुठे उभा राहत होता, कुठल्या दांडीला धरून चढत होता, ते सगळं हाताला लागलं पाहिजे. त्यासाठी तो म्हाताऱ्या ड्रायव्हरांची दारं झिजवून आला, भंगारवाल्यांकडे लोखंड उलथं-पालथं करून आला. जुने नकाशे मिळवले. परदेशात पत्रं धाडली. अंदाजाने एक रिव्हेट ठोकली नाही.

बुवांनी मान लांब करून पाहिलं.

"झालंच की."

"नाही झालं."

"काय राहिलं?"

"हे." प्रल्हादने फोटो पुढे धरला. इंजिनाच्या तोंडावर गोल दार असतं, त्या दारावर बोट ठेवलं. "हे पाच ठिपके दिसतात? फिकट? नकाशात ते नाहीत. ह्या जातीच्या दुसऱ्या कुठल्याच इंजिनावर नाहीत. ह्याच्यावरच आहेत."

"मग कसले आहेत?"

"परदेशातला एक जाणकार म्हणतो, बंदुकीच्या गोळ्या लागल्या. दुसरा म्हणतो, तिथे जादा दिवा होता."

"आणि तू काय म्हणतोस?"

"पट्टी. लढाईच्या घाईत कसली तरी पट्टी ठोकली असणार, पाच बोल्ट मारून. मी केली पण. ही बघा."

इंजिनाच्या तोंडावर खरंच एक इवलीशी पितळी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर मोहरीएवढे पाच बोल्ट. महिनोन् महिने घासून केलेलं काम होतं ते.

"सुरेख आहे," बुवा म्हणाले. "मग अडलं कुठे?"

प्रल्हादने पट्टीवरून अंगठा फिरवला.

"...खात्री नाही."

"हं."

"खात्री झाल्याशिवाय हे रुळावर ठेवायचं नाही. एवढी एक गोष्ट खोटी राहिली तर सगळंच खोटं. मग बाबा ह्याच्यावर नव्हतेच म्हणायचं."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. दारावरून झेंडू बांधलेली सायकल गेली.

"तुम्हाला काय वाटतं, बुवा?"

भिंतीला भिंत असून इतक्या वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मला इंजिनातलं काय कळतं? मी आगगाडीत बसलो की झोपतो. एकदा तर नागपूर सोडून पुढे गेलो होतो." बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, निघतो. तेवढी हळद लावू दे."

त्यांनी पाची बोटं हळदीत बुडवली आणि हात इंजिनाकडे नेला.

"अहो, त्याला नको!" प्रल्हाद ओरडलाच. "रंग जाईल."

"मग कशाला लावू?"

"लावायचीच असेल तर त्या पेटीला लावा."

हत्यारांची लोखंडी पेटी होती, काळ्या रंगाची. बुवांनी तिच्या झाकणावर पाच बोटं टेकवली, उचलली. वर एक फूल ठेवलं.

कानस पुन्हा सुरू झाली...

आणि थांबली.

प्रल्हाद पेटीकडे पाहत होता. काळ्या लोखंडावर पाच पिवळे ठिपके. चार जरा कमानीत, एक खाली बाजूला.

त्याने फूल उचलून बाजूला ठेवलं. पुन्हा पाहिलं.

मग तो उठून भिंतीपाशी गेला. भिंतीवर तपकिरी कागद डकवलेला होता. फोटोवरून हिशेब करून त्याने त्या कागदावर इंजिनाचं दार काढलं होतं, खऱ्या मापाचं. ठिपकेही खऱ्या मापाने, खऱ्या जागी. पट्टीचा आकार ठरवताना रोज तो ह्याच कागदासमोर उभा राहायचा. कितीतरी बोल्ट त्या ठिपक्यांवर धरून पाहिले होते.

आज त्याने हात वर केला.

चार बोटं चार ठिपक्यांवर बसली. अंगठा जरासा ताणावा लागला. मग तोही बसला.

हात तिथेच राहिला...

"इंजिनांच्या शेडमध्ये खंडेनवमी करायचे का हो, बुवा?" त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"शेडात माणसंच होती ना रे?"

"...ही बोटं कुणाची असतील?"

बुवा ताम्हनातली फुलं सारखी करत राहिले.

"ड्रायव्हरची असतील," प्रल्हाद म्हणाला. "नाहीतर शेडातल्या एखाद्या मिस्त्रीची. नाहीतर..."

तिसरं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

भिंतीवरून हात काढायला त्याला वेळ लागला. काढला तेव्हा मात्र तो सरळ टेबलाशी आला, धारदार पातं घेतलं आणि पितळी पट्टीच्या कडेखाली घातलं. पट्टी निघेना. कथलाचा पक्का डाग दिलेला. त्याने डाग द्यायचा दिवा पेटवला आणि ज्योत थेट इंजिनाच्या तोंडाला लावली. रंग फुगला, सोलला, करपला. मघाशी ज्या रंगाला हळद लागू देत नव्हता तोच रंग. त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

टण् करून पट्टी खाली पडली. मोहरीएवढे बोल्ट फरशीवर कुठे गेले ते त्याने पाहिलंही नाही.

दार घासून साफ केलं. काळ्या रंगाचा नवा हात दिला. त्या उन्हात रंग वाळायला असा किती वेळ लागणार? बुवा पुन्हा उंबऱ्यावर बसून होते.

रंग वाळला तसा प्रल्हाद खण उघडायला लागला. एक उघडला, दुसरा उघडला.

"काय शोधतोस?"

"सुई."

"शिवायला?"

"ठिपके द्यायला. दार केवढं, बघा ना! बाटलीच्या बुचाएवढं. बोटं टेकवली तर दार दिसणारच नाही. ठिपके मापात पडायला हवेत, बुवा. आणि हा हात..." त्याने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "हा हात फार मोठा आहे."

बुवांनी उठून ताम्हन टेबलावर ठेवलं आणि हळदीची बाजू त्याच्याकडे फिरवली.

"गाडी लहान केलीस ना?"

"केली."

"मग आता तेवढा लहान तूही हो."