निळ्या बाटलीचा हार

गाड्या माणसांशी उघड बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हैबतीने शर्यतीसाठी आपल्या जुन्या जीपमध्ये इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या नायट्रस वायूची निळी बाटली बसवली आणि पहिलीच शर्यत जिंकली. खंडेनवमीला त्या मेल्याने झेंडूचा हार घातला तो बाटलीला! इतकी वर्षं घाट चढलेल्या इंजिनाला साधं कुंकूही लावलं नाही.

बाटली फुगली. "बघितलंस ना म्हाताऱ्या? जोर माझा!"

"तुझा कसला जोर!" इंजिन कडाडलं. "तापलीस की तू प्राणवायू सोडतेस. त्यावर जास्तीचं पेट्रोल जळतं, म्हणून जोर वाढतो. जळतं ते माझ्या पोटात, भाजतो तो माझा पिस्टन. आणि हार तुला? हैबती, उद्या हिला जास्त सोडणार असशील तर पेट्रोलही वाढव. नाहीतर उरलेल्या प्राणवायूने आच भडकेल आणि मी वितळेन, सांगून ठेवतो."

"हारासाठी रडतंय हो!" बाटली म्हणाली, आणि हैबती खदखदून हसला.

दसऱ्याच्या शर्यतीत त्याने बाटलीची तोटी पूर्ण उघडली, पेट्रोल मात्र होतं तेवढंच ठेवलं. जीप उसळली खरी, पण निम्म्या वाटेत पिस्टनला भोक पडलं आणि इंजिन कायमचं गप्प झालं.

"त्याच्यातच दम नव्हता," बाटली म्हणाली.

"बरं, मग तू ने घरी," हैबती म्हणाला. बाटली अजून अर्धी भरलेली होती. तिने फुस्स केलं, पुन्हा केलं. चाक तसूभर हललं नाही.

हैबती घामाघूम होऊन जीप ढकलत निघाला. बाटली आत बसून होती, गळ्यात हार घालून.