चिकटलेलं सुटतं कसं

विट्याच्या बाजार समितीचे सभापती नलवडे चेपलेल्या दाराची गाडी घेऊन यास्मिन मुजावरच्या गॅरेजात आले. गॅरेज समितीच्याच जागेत होतं. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्याला गमने घट्ट चिकटवलेला होता. तो सोडवायला यास्मिनने गरम हवेचं मशीन उचललं, तसे खुर्चीत ऐसपैस बसलेले सभापती गरजले, "मोठी कारागीर म्हणवतेस ना? मग चिकटलेलं सोडवून दाखव! पण धग नको, हत्यार नको, हातसुद्धा लावायचा नाही. नाहीतर उद्या जागा खाली कर!"

सोबतची मंडळी खदखदून हसली. यास्मिनने मशीन खाली ठेवलं. मग फाटकाकडे बघत ती म्हणाली, "अगंबाई, आमदारसाहेब आले वाटतं!"

सभापती ताडकन उठले आणि हात जोडून फाटकाकडे धावले. बाहेर कुणीच नव्हतं.

"बघा साहेब," यास्मिन म्हणाली, "इतकी वर्षं खुर्चीला चिकटलेलं हात न लावता सुटलं. पण पत्र्याला आमदाराची पर्वा नसते. त्याला ऊबच द्यावी लागते."

सभापतींनाही हसू आवरेना. "लाव बाई तुझं मशीन!"

"आणि जागा?"

"तुझीच!"

धग लागताच गम मऊ पडला आणि पत्रा अलगद सुटून आला.