सोनपंखी साळुंकी आणि राजकन्येची काया

एका राज्यात असा रिवाज होता, की गादीवर येणाऱ्याने अभिषेकाच्या दिवशी सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत निश्चल बसावे. हात हलला, की गादी गेली.

राजा रत्नपालाला एकच कन्या, सुवेणी. तिच्या बारशाला राजाचा दूरचा भाऊबंद असलेल्या दुर्मद मांत्रिकाने सोन्याच्या पिसांची, बोलणारी साळुंकी नजराणा म्हणून दिली. तेव्हापासून राजकन्येच्या अंगाला इसब जडला. कोपरांच्या, गुडघ्यांच्या खाचा लाल होत, खाजत, पाझरत. सुवेणी घटकाभर स्वस्थ बसू शकत नसे. आणि ती हरली, तर गादी दुर्मदाला मिळणार होती.

राजाने अभिषेकाचा हट्ट सोडायला सांगितले. तिने ऐकले नाही. साळुंकीला खांद्यावर घेऊन ती डोंगरावरच्या जरठा जादूगारणीकडे गेली.

जरठेने तिच्या कोपरावर फुंकर घातली. कातडी आरशासारखी झाली आणि आत किल्ला दिसला. तटाचे चिरे निखळले होते. भेगांतून धूळ, पराग, कोंडा आत शिरत होता, आणि आतले सैनिक शत्रू आला समजून स्वतःच्याच घरांना आगी लावत होते.

"इतरांना जे बाधत नाही, ते तुला बाधते," जरठा म्हणाली. "तट फुटला म्हणून ते आत येते, आणि आगीने तट आणखी फुटतो. तीन कामे कर. तट बांध, हात आवर, शत्रू ओळख."

राजकन्या परतली आणि कामाला लागली. रोज कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करी, आणि अंग ओलसर आहे तोच मेणाचा बिनवासाचा लेप लावी. नखे कापली, मऊ सुती वस्त्रे धरली. खाज उठली, की ओले गार फडके दाबून धरी. कधी डोळ्यांत पाणी येई, पण नख लावले नाही. तट सांधू लागला. तरी लाल चट्टे पुन्हा उठतच.

मग एकेक वस्तू दूर केली. लोकरीची शाल गेली, अत्तर गेले. थोडा फरक पडला, पुरता नाही.

साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, आता मी उरले."

"तू नव्हेस."

"पाहिल्यावाचून कसे कळेल?"

ती पलीकडच्या डोंगरावर उडून गेली. अंथरुणे कढत पाण्यात धुतली, महालातली पिसे झाडून काढली. हळूहळू काया निवली. मग साळुंकी परत येऊन खांद्यावर बसली, आणि दिवेलागणीला सुवेणीची मान लाल झाली.

"मला ठाऊक नव्हते," साळुंकी म्हणाली.

"दोष तुझा नाही," सुवेणी म्हणाली. "पण आता माझ्या उशाशी निजायचे नाही." एवढे बोलून तिने तोंड फिरवले, कारण तिला रडू आवरेना.

अभिषेकाच्या दिवशी दुर्मद समोरच बसला होता. दिवस चढला तशी कोपराच्या खाचेत एक जुनी खाज जागी झाली. सुवेणीने दात आवळले, श्वास लांबवला. हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. माध्यान्हीचा शंख वाजला. दुर्मद उठला, वेशीबाहेर गेला आणि धुरासारखा विरला. त्याच क्षणी साळुंकीच्या पिसांवरचे सोने गळून ती साधी तपकिरी झाली.

राणी सुवेणीने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले. कोरड्या थंडीत अंग कधीमधी कुरकुरे. लेप तिने एक दिवसही चुकवला नाही. साळुंकी चौकातल्या उंच निंबावर राही आणि रोज सकाळी विचारी, "महाराणी, आज काया कशी?"

खिडकीतून राणी सांगे, "आज काया माझी आहे."