हातभर अंतर

माणसांनी सडका बांधायच्या कितीतरी आधी रानात एकच पायवाट होती आणि ती सगळ्यांची होती. गव्याला मात्र ती आपल्या एकट्याची वाटायची. तो कासवकाकूंना अगदी खेटून धावत जायचा. त्याच्या नुसत्या वाऱ्याने काकू उताण्या पडायच्या आणि तासभर हवेत पाय मारत राहायच्या. ओरडल्या, की तो लांबूनच म्हणायचा, "धक्का लागला का? नाही ना? मग झालं तर!"

शेवटी सरपंच हत्तीणबाईंनी नियम केला. हळू चालणाऱ्याला ओलांडताना मध्ये हातभर अंतर सोडायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, गव्याने तर सगळ्यांत जोरात. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा उताण्या!

मग हत्तीणबाईंनी साळिंदराला बोलावलं. "उद्यापासून तू काकूंच्या शेजारून चाल. बोलायचं काही नाही, फक्त काटे फुलवून ठेव."

तिसऱ्या दिवशी गवा बोंबलतच पंचायतीत आला. "बाई, या साळिंदराला आवरा! मी याच्यापासून चांगलं हातभर अंतर सोडून चाललो होतो, तरी टोचलं यानं!"

"हातभर? नक्की?"

"जास्तच असेल, कमी नाही!"

हत्तीणबाईंनी त्याच्या बरगडीत रुतलेला काटा सोंडेने उपटला आणि सगळ्यांना दाखवला. काटा जेमतेम वीतभर होता.

"हा वीतभर काटा हातभर लांब कसा पोचला रे?"

काकूंनी कवचातून हळूच मान बाहेर काढली.

"धक्का तर नाही ना लागला, गवोबा? मग झालं तर!"