हातोडीचा दिवस

टण्ण. दोराच्या गाभ्यातली सोनकी नावाची तार तुटली तेव्हाचा तो आवाज मथाआत्याच्या अंगातून अजून गेलेला नव्हता.

दोन काठांमधल्या त्या मुलखात तारांचा सगळा जन्म एकमेकींना धरून राहण्यात जाई. त्यांच्या वळलेल्या दोराला पूल टांगलेला होता. पुलावरून माणसं जात, गाड्या जात, वराती जात. कोणी गेलं की तारा ताणल्या जात, गेल्यावर सैलावत. कोणी त्यांना मारलं नव्हतं की तोडलं नव्हतं. रोजचं ते ताणणं-सैलावणंच अंगात मुरत होतं.

सोनकी गेली तेव्हा शेजारणींनी तिचा भार वाटून घेतला आणि तिची तुटकी टोकं आपल्यात दाबून धरली. बाहेर काही दिसलं नाही. पुढे आणखी दोघी गेल्या, त्याही तशाच झाकल्या. तीच रीत पडली. दरसाल हातोडीवाला येई, दोरावर ठोका मारी, आत कोणी तुटलंय का ते कान लावून ऐके. त्या दिवशी सगळ्याजणी अंग आवळून एका सुरात वाजत.

यंदा मथाआत्याला बारीकशी चीर गेली होती. ती तुटली की तिचा भार शेजारच्या रुपीवर येणार होता, आणि रुपी आधीच गेलेल्यांचं ओझं वाहत होती.

"या खेपेला मी घोगरी वाजणार," आत्या म्हणाली. "कळू दे त्याला."

"काहीतरीच काय, आत्या!" बाहेरच्या बाजूची, रंग लावलेली थोरली म्हणाली. "आजवर नाव राखलंय आपण. एवढा ठोका होऊ दे, मग हवं तेवढं कण्ह."

"रुपे, तू तरी बोल गं."

"मला जमतंय, आत्या," रुपी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता.

हातोडीवाला आला. ठोका पडला. आत्यानं अंग सैल सोडलं. पण चहूबाजूंनी सगळ्यांनी तिला इतक्या मायेनं कवटाळलं, की तिचा घोगरा सूर त्यांच्या कुशीतच विरला. दोर घंटेसारखा स्वच्छ वाजला.

त्याने कान लावला. समाधानाने हसला. गुणी गुराच्या पाठीवर थोपटावं तसं दोरावर थोपटलं. मग तो पुलावरून पलीकडे चालू लागला, आणि त्याच्या एकेका पावलासरशी आत आत्याची चीर किंचित उघडत होती, मिटत होती.