सातवा बार

"थांबणार का नाही, एवढंच सांगा."

सिद्रामने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. गावाबाहेरच्या तकियात, फकिराच्या मठीत, तो भर उन्हाचा घुसला होता आणि दस्तगीरबाबांच्या डोक्यावर उभा होता.

फकीर एका मडक्याच्या भोकात चिंधीची वात बसवत होते. कडुनिंबाचं रोप वाळत चाललं होतं. त्याच्यावर हे मडकं टांगायचं, म्हणजे थेंबाथेंबानं पाणी मिळेल.

"काय थांबायचंय?"

"कानातली शिट्टी. चार महिने झाले. जेवताना वाजते, झोपताना वाजते. आता तुमच्याशी बोलतोय तरी वाजतेय."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"दोघांना दाखवलं. म्हणतात, आतली नस दुखावली. आवाज बाहेर नाहीच, डोकंच तो तयार करतं. औषध नाही. अगदी शांत जागी बसू नको, पंखा लाव, बारीक आवाजात रेडिओ लाव. हळूहळू डोकं तिकडं लक्ष देणं सोडेल."

"मग? लावलास रेडिओ?"

"माझा थोरला भाऊ, माझा अण्णा गेला, बाबा. मी गाणी ऐकत बसू?"

बाबांनी रोपाशेजारच्या मोठ्या झाडाच्या फांदीला मडकं अडकवलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. खाली माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर ठेवलं.

"बसतोस कुठं मग?"

"अण्णा गेला त्या विहिरीच्या काठावर. तिथं कुणी येत नाही."

"तिथं शिट्टी कमी होते?"

"तिथं तर जास्तच..."

"आणि तरी तिथंच बसतोस."

सिद्राम भडकला. "लोक म्हणतात, तुमच्या फुंकरीला गुण आहे. मारायची तर मारा. नाहीतर नाही म्हणा, मी मोकळा. अण्णाची पहार अजून तळाशी पडलीय. आज उतरतो खाली. परत वर यायचं नाही."

बाबांचा हात खापरावरच राहिला.

"माझ्या फुंकरीनं चूल पेटते, लेका," ते म्हणाले. "तीही दोनदा मारावी लागते. बस."

सिद्राम बसला. का बसला, त्यालाच कळलं नाही.

"विहीर तुम्हीच खणत होता?"

"आमचा धंदाच तो. खडक लागला की सुरुंगाचे बार भरायचे, वाती पेटवायच्या, वर येऊन पळायचं. मग मोजायचं. जेवढे भरले तेवढे उडाले पाहिजेत. एखादा आत राहिला तर..."

"कोण मोजतं?"

"दोघांनी मोजायचं. मनात. मग एकमेकांना बोटं दाखवायची. दोघांचं जुळल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. अण्णाचाच कायदा."

"त्या दिवशी किती भरले होते?"

"सात."

"तू किती बोटं दाखवलीस?"

"सात."

"आणि अण्णानं?"

वातीच्या टोकाला पाणी गोळा झालं, फुगलं, खापरावर पडलं. टप्.

"बाबा, हे मी आईलाही सांगितलं नाही. एक पंजा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा. सहा."

टप्.

"मी हसलो. म्हटलं, म्हातारा झालास अण्णा, कान गेले तुझे. सातच झाले. तो पण हसला. म्हणाला, असेल रे, तुझे कान तरणे. आणि पहार घेऊन उतरला. मी वरून वाकून बघत होतो... माझा सातवा म्हणजे समोरच्या डोंगराचा पडसाद होता. खरा सातवा नंतर झाला."

सिद्रामने दोन्ही तळवे कानांवर दाबले. आत शिट्टी दुप्पट झाली. त्याने हात खाली टाकले.

"हे थेंब मोज," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"मोज. मी हात वर केला की थांब."

सिद्राम मोजू लागला. शिट्टी आडवी येत होती. तिच्याखालून एकेक थेंब उचलून घ्यावा लागत होता. दहापर्यंत तो दोनदा अडखळला. विसाच्या पुढे मान आपोआप खापराकडे वळली. मधे कधीतरी शिट्टी जराशी मागं सरकली असेल. त्याला आठवत नव्हतं. मग बाबांचा हात वर झाला, आणि ती होती तिथं परत आली.

"किती?"

"एक्केचाळीस."

बाबांनी दोन्ही पंजे उघडले. मिटले. पुन्हा उघडले. असं चार वेळा.

"चाळीस," ते म्हणाले.

सिद्रामच्या ओठावर जुनं वाक्य आलं. तुमचे कान गेलेत, म्हातारबा... ते ओठावरच मेलं.

"तुमचंच बरोबर असेल," तो कसाबसा म्हणाला.

"असेल म्हणून चालतं? तुमच्या धंद्यात चालतं का, सिद्राम?"

"नाही."

शिट्टी वाजतच होती. ऊन खापरापर्यंत आलं होतं. सिद्राम उठू लागला, तसा बाबांनी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं, आणि मडक्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

"आपलं जुळलेलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा मोज."