छतातला शॉवर

तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले विश्वनाथराव शेंडकर वयाने अडुसष्टचे होते, केस मात्र अठ्ठावीसचे होते. नव्या बाथरूमसाठी शॉवर निवडायला ते बायकोला घेऊन कराडच्या दुकानात आले.

"हा छतातला द्या," ताटाएवढ्या शॉवरकडे बोट करून साहेबांनी हुकूम सोडला.

"अहो, त्याच्याखाली रोज डोक्यावरून आंघोळ होणार," मालनबाई म्हणाल्या. "माझे एवढे लांब केस वाळायला दुपार होते. सर्दी हटायची नाही. त्यापेक्षा हातात धरायचा घेऊ."

"तुम्हा बायकांची नाटकं! डोकं भिजल्यानं कुणाचं काही बिघडत नाही," साहेब अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले.

मालनबाईंनी पदर सावरला आणि दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हा इथं चालू होतो का?"

"होतो की! दाखवू?"

"दाखवा. साहेबांनाच दोन मिनिटं खाली उभं करा. त्यांचं काही बिघडलं नाही, तर आत्ताच्या आत्ता घेऊन जातो."

दुकानदाराचा हात नळाकडे गेला आणि साहेब दोन पावलं मागे सरले. कलप सकाळीच लावलेला होता आणि अंगात पांढराशुभ्र सदरा होता.

"राहू दे," ते घाईघाईनं म्हणाले. "हातातलाच बांधा."

"साहेब, एवढ्यात विचार बदलला?"

"काय करणार, बायकांच्या केसांचा प्रश्न आहे."

"प्रश्न केसांचाच आहे," मालनबाई म्हणाल्या. "कुणाच्या, ते तेवढं विचारू नका भाऊ."